अक्काची सही

मला स्वयंपाक येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण चपात्या लाटणाऱ्या बायांची संघटना बांधण्यात जिने उभं आयुष्य घातलं तिला स्वतःला गोल चपाती लाटता येत नाही, हे कळल्यावर लोक हसतात. मागाहून हसण्यापेक्षा आत्ताच हसून घेतलेलं बरं. नांदेडला आमच्या घरी आई स्वयंपाक करायची, वडील कचेरीत जायचे आणि मी पुस्तकं वाचायची. पुस्तकांनीच माझं डोकं फिरवलं असं वडिलांचं ठाम मत होतं. शाळेतली नोकरी सांभाळून मी आधी अंगणवाडीच्या बायांच्या मोर्चांना जायला लागले, मग स्वतःच मोर्चे काढायला लागले. तेव्हा ते जेवता जेवता आईला म्हणायचे, "लष्कराच्या भाकरी भाजायला निघालीय. घरातली एक धड भाजता येत नाही." आई त्यांना पुढची भाकरी वाढायची. तिला दोघांचंही पटायचं.

भूकंप झाला तेव्हा आमच्याकडे नुसती फळीवरची भांडी वाजली. चौथ्या दिवशी शाळेतल्या आम्ही काही जणी जुन्या साड्यांची गाठोडी घेऊन एका ट्रकमधून निघालो. औसा मागे पडलं आणि ट्रकमधल्या गप्पा आपोआप थांबल्या. त्या गावात काय दिसलं ते मी पुष्कळदा सांगितलं आहे, भाषणांतही वापरलं आहे, आणि वापरून वापरून ते माझ्याच तोंडी बेचव झालं आहे. म्हणून इथे सांगत नाही. कपड्यांच्या ढिगाचं तेवढं सांगते. देशभरातल्या भल्या माणसांनी कपाटं रिकामी करून पाठवली होती. त्या ढिगात टाय होते, जरीची शेरवानी होती, थंड हवेच्या गावी घालतात तसले लोकरीचे हातमोजे होते. माणसं ढिगाजवळ यायची, बघायची आणि परत जायची.

मी एका बाईपुढे साडी धरली. तिने ती हाताने बाजूला सारली.

"कापडं नगं," ती म्हणाली. "तवा हाय का?"

तवा आमच्याकडे नव्हता. भूकंपग्रस्त बाईला तवा लागेल हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि आम्ही सगळ्या बायकाच होतो. पुढच्या खेपेला मी आईचा तवा उचलून नेला. आई त्यावरून आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

तिला सगळे अक्का म्हणत. कर्नाटकाच्या वाऱ्याचा तो भाग, थोरल्या बहिणीला तिकडे अक्काच म्हणतात. वयाने ती माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी असेल. नवरा, सासू-सासरे आणि दोन मुली दगडमातीच्या घराखाली गेल्या होत्या. ती तेवढी उजाडण्याआधी परसाकडे गेली होती म्हणून वाचली. हे सांगताना ती पदर तोंडावर घ्यायची. लाज वाचल्याची होती की परसाकडे गेल्याची, ते मला कधी विचारता आलं नाही. त्यानंतर ती कुठल्याही घरात आत, भिंतीला टेकून अशी बसली नाही. पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा दाराजवळ बसायची, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून.

पुढे नवं गाव वसलं, सिमेंटची घरं झाली. घर बाईच्या नावावर हवं म्हणून आम्ही कचेरीच्या दारात किती वेळा बसलो त्याची मोजदाद नाही. काही जणींना मिळालं. अक्काचं घर दिराच्या नावे झालं. एकट्या बाईला घर कशाला, असं गावाने ठरवलं आणि कागदानेही तेच मानलं. ती दिराशी भांडली नाही. मला मात्र अन्न गोड लागेना. तिच्या नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर होतं, मेलेल्या माणसांच्या यादीत होतं. मुलींची नावं शाळेच्या दप्तरात होती आणि मग त्याच यादीत. जी जिवंत राहिली तिचं नाव हक्काच्या म्हणाव्या अशा एकाही कागदावर नव्हतं. एक तरी कागद असा करून दाखवीन, असं मी तिला त्या नव्या घरासमोर उभं राहून सांगितलं. तेव्हा माझ्या तोंडात असली वाक्यं फार सहज यायची.

मी नोकरी सोडून लातूरला राहायला गेले आणि अक्काला बरोबर नेलं. तिथे एका मास्तरांची बायको माझ्या ओळखीची होती. भूकंपाच्या दिवसांत तिने आपलं घर आम्हा कार्यकर्त्यांना मोकळं सोडलं होतं, रोज पन्नासेक माणसं तिच्याकडे जेवायची आणि ती कपाळाला आठी पडू द्यायची नाही. पुढे मास्तर वारले. मग आम्हीच बचत गट काढला आणि तिच्या घरात खानावळ सुरू करून दिली. ती, अक्का आणि आणखी दोघी. फीत मी कापली. बाईच्या हातात कमाई आली की ती उभी राहते, असं मी बोलले आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. बाई उभी राहिली की दुसऱ्या बाईच्या खांद्यावरही उभी राहू शकते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग क्लासेस आले. म्हणजे आधीही होते, पण आता गावच क्लासचं झालं. जिथे किराणा दुकान होतं तिथे क्लास, जिथे म्हशी बांधायचे तिथे मुलींचं हॉस्टेल. चौकाचौकांत पुढाऱ्यांच्या फोटोंपेक्षा मोठे फोटो पोरांचे लागले आणि फोटोखाली त्यांचे मार्क. हदगावपासून उदगीरपर्यंतची लेकरं ट्रंका आणि गाद्या घेऊन बसमधून उतरायची आणि दोन वर्षांनी डोळ्यांखाली काळं घेऊन परत जायची. या सगळ्यांना दोन वेळ जेवायला लागत होतं. आमच्या चौघींच्या खानावळीची मोठी मेस झाली, घरामागे लांब पत्र्याचं स्वयंपाकघर झालं आणि मास्तरांच्या बायकोला सगळे मालकीण म्हणायला लागले. आधी गमतीने, मग खरोखर.

त्या स्वयंपाकघरात बाया रांगेने बसत. एकीने कणीक मळायची, एकीने गोळे करायचे, चौघींनी लाटायचं, दोघींनी मोठ्या लोखंडी तव्यावर भाजायचं. दाराजवळची जागा अक्काची. तिथे वारा यायचा, त्यामुळे ती सगळ्यांनाच हवी असायची, पण नवी बाई आली तरी दुसऱ्या दिवशी तिला कुणीतरी सांगायचंच, तिथं बसू नगंस, ती अक्काची हाय. मालकिणीनेही त्या जागेला कधी हात लावला नाही. हेही लिहायला हवं, नाहीतर ती नुसतीच वाईट दिसेल, आणि ती नुसती वाईट असती तर माझं काम फार सोपं झालं असतं.

एका उन्हाळ्यात अक्काला ताप आला. पाचव्या दिवशी ती कामावर गेली तर दाराजवळ दुसरी बाई बसलेली. मालकीण म्हणाली, "अक्का, तुमी यायनात, मग काय करावं? बघू, जागा झाली की सांगते." अक्का दोन दिवस मेसच्या पायरीवर नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी एक बाई सोडून गेली म्हणून तिला आत घेतलं. त्यावर माझं टाळकं सरकलं. पंधरा वर्षं राबलेल्या बाईला, ती इथे राबत होती हे दाखवायला एक चिठोरंसुद्धा नव्हतं.

आम्ही पगारवाढ मागितली नाही. सुट्टीही मागितली नाही. एकच मागणी: हजेरीचं मस्टर ठेवा, त्यात प्रत्येकीचं नाव लिहा आणि रोज सही घ्या. मालकीण हसली. "ताई, घरच्या बायांची हजेरी कोण मांडतं का?" म्हणाली, आणि मला चहा दिला.

मस्टर मिळणारच या तोऱ्यात मी अक्काला सही शिकवायला घेतली. पाटी-पेन्सिल तिच्या हाताला मानवेना. मग दुपारी काम आवरल्यावर परातीतल्या पिठावर बोटाने गिरवायचं ठरलं. मी अक्षर काढायची, ती त्याच्याखाली काढायची, मग हात फिरवून पुसायची आणि पुन्हा. तिच्या नावात चार अक्षरं. शेवटचं अक्षर ती नेहमी मोठं काढायची, आणि मी ओरडले की म्हणायची, "राहू द्या की ताई. पीठ उरलंय." दोन महिन्यांनी तिला न बघता सही यायला लागली. पिठावर आणि कागदावरही. "मस्टर येऊ द्या, पहिली सही माझी," असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं.

मस्टर आलं नाही. तेव्हा आम्ही संप ठरवला, तोही डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तोंडावर, म्हणजे मालकिणीला झोंबेल. मी पुष्कळ संप पाहिले होते आणि संपावरची पुस्तकंही वाचली होती. बैठक महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर झाली. सगळ्या तयार होत्या. अक्का तेवढी नव्हती. शेवटी म्हणाली, "मालकिणीवर रुसायचं ते ठीक हाय. लेकरांवर कामून रुसायचं? परीक्षा तोंडावर आलीय, उपाशी बसून काय लिहितील ती?"

बाकीच्याही मान हलवायला लागल्या. तिच्या त्या दोन मुली माझ्या डोळ्यांपुढे आल्या, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. आणि मी एक वाक्य बोलले. म्हणाले, "संप मालकिणीशी आहे, लेकरांशी नाही. मेसमध्ये पाय ठेवायचा नाही. आपापल्या घरी चपात्या करा आणि हॉस्टेलच्या दारात नेऊन द्या."

काय आवडलं होतं मला ते वाक्य. गावातल्या पेपरात ते मोठ्या अक्षरांत छापून आलं. तीन दिवस बायांनी आपापल्या चुलीवर, स्टोव्हवर, आपल्याच पिठाच्या चपात्या केल्या, धुतलेल्या साडीच्या फडक्यात गुंडाळल्या आणि हॉस्टेलच्या फाटकाशी नेऊन वाटल्या. पोरी म्हणाल्या, मेसपेक्षा या मऊ आहेत. काही रडल्या. मला वाटलं, असा संप मराठवाड्यात कुणी केला नसेल. ते मात्र खरं होतं. काम बंद ठेवून तेच काम घरी करणाऱ्या बाया आणि त्यांना तसं करायला सांगणारी पुढारी दुसरीकडे कुठे सापडली नसती.

तिसऱ्या दिवशी मालकीण फाटकाशी आली. अक्काच्या फडक्यातली एक चपाती घेतली, उभ्यानेच तुकडा मोडून खाल्ला. "घरी एकटीनं एवढ्या केल्या?" तिने विचारलं. "कवा बसला होता?" अक्काने कौतुकाने सगळं सांगितलं, किती वाजता कणीक मळली, किती वाजता उठली. मालकीण मान हलवत ऐकत होती. मला वाटलं, विरघळली.

चौथ्या दिवशी पत्र्याच्या स्वयंपाकघराला कुलूप होतं.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कुणी आशा लावून बसायला नको. ते कुलूप चपातीपुरतं कधी उघडलं नाही. आता टेम्पो गल्लीगल्लीतून फिरतो, ज्या बाया तयार आहेत त्यांच्या दारात पिठाची पिशवी ठेवतो आणि ठरल्या वेळी चपात्यांचे डबे उचलतो. मेसला जागा नको, गॅस नको, पंखा नको, बायाही नकोत. जी ती आपापल्या खोलीत एकटी. शेजारणीशी बोलायलाही सवड नाही, बैठकीला यायची गोष्टच सोडा. बाकीच्या मेसवाल्यांनीही तेच उचललं. मालकिणीचा महिला दिनाला सत्कार झाला, घरबसल्या बायांना काम दिलं म्हणून. मला निमंत्रण होतं. संघटनेच्या पाटीवर मी पुढे बरीच वर्षं तारीख टाकून बैठकीची वेळ लिहीत राहिले, आणि मग खडू आणायचंही सोडून दिलं.

पण हे सगळं व्हायच्या आधी, कुलूप लागल्यावर आम्ही कामगार कचेरीत तक्रार केली होती. या बाया मालकिणीच्या कामगार आहेत, संप केला म्हणून तिने त्यांना काढलं, त्यांना कामगार म्हणून कागदावर घ्या आणि कामावर घ्या. सगळं त्यावर लटकलेलं होतं. कामगार ठरल्या तर मस्टर येणार, नाही ठरल्या तर काहीच नाही. साक्ष अक्काची ठेवली, कारण सगळ्यांत जुनी ती. मी तिला एवढंच सांगितलं, "घाबरू नका. जे खरं ते सांगा." ती नवी साडी नेसून आली. साहेबांच्या खोलीतही दाराजवळच्या खुर्चीवर बसली. साहेबांनी पुढे या म्हटलं तर म्हणाली, "इथूनच सांगते." साहेब भले होते, त्यांनी हट्ट धरला नाही.

मालकिणीचा वकील तरुण होता. त्याने आवाजही चढवला नाही.

"मावशी, परीक्षेच्या वेळी तुम्ही तीन दिवस संप केला?"

"संप न्हवता," अक्का म्हणाली.

मी दचकले. वकिलाने हातातला कागद खाली ठेवला.

"मग काय होतं?"

"कायबी न्हाई. लेकरांसाठी घरी चपात्या केल्या."

"घरी करा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं? या ताईंनी?"

अक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुनी न्हाई सांगितलं. आमच्या मनानं केलं."

"पीठ कुणाचं होतं?"

"आमचंच की."

"म्हणजे मनाला येईल तेव्हा तुम्ही घरी चपात्या करता आणि नेऊन देता. तुमच्यावर कुणाचा हुकूम नाही."

"हाव," अक्का म्हणाली. "हुकूम कुनाचा?"

लिहिणाऱ्या कारकुनाचं पेन चाललेलं मला ऐकू येत होतं. उठून एवढंच म्हणायला हवं होतं: साहेब, मी सांगितलं. संप होता आणि तो मी करायला लावला. मला केसची भीती नव्हती. लाठी खाल्ली होती, दोन दिवस आत बसून आले होते. पण ते म्हणायचं तर त्याच दमात म्हणावं लागलं असतं की घरी चपात्या करा हेही मीच सांगितलं, आणि तिथेच आमचं सगळं बुडालं. समोर मालकीण बसली होती. तिच्यासमोर माझी जीभ उचलली नाही. मी बाकावर बसून राहिले, आणि ज्या बाया माझ्या मागे उभ्या होत्या त्यांना वाटलं की ताई बसल्यात म्हणजे बरोबरच चाललं असेल.

कारकुनाने जबानी वाचून दाखवली. मी कुणाच्या नोकरीत नाही, घरी आपल्या मनाने चपात्या करते, संप वगैरे काही झाला नाही. त्याने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला. अक्काने पॅड बाजूला सारला आणि पेन मागितलं. चारही अक्षरं तिने सावकाश काढली.

बाहेर पायरीवर आल्यावर मी तिला धरलंच. "अक्का, असं का सांगितलं?"

तिला माझ्या आवाजातला राग कळला नाही, किंवा तिने तो मनावर घेतला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "काल मालकीण घरी आल्ती. म्हनली, परीक्षेच्या टायमाला संप केला म्हनून तुमच्या ताईवरच केस होनार, जेलात टाकतील. मंग म्या संपच न्हवता म्हनलं. आता कोन काय करतंय तुमाला." तिच्या तोंडावर समाधान होतं. इतक्या वर्षांत तिला माझ्यासाठी काही करता आलं नव्हतं, आणि आज आलं होतं.

तो कागद आत फाईलला लागत होता. तिच्या नावाचा पहिला कागद.

मग ती जरा घुटमळली. पदराने हात पुसले, जसे पीठ पुसायची तसे, आणि विचारलं, "ताई, सही बराबर आली का?"

"आली," मी म्हणाले. "एकदम बरोबर आली."